तीन आयईएम आणि डबीभर टिपा : आवाज नेमका कुठे बदलतो?

इन-इअर मॉनिटरच्या, म्हणजे कानाच्या नळीत घालायच्या इअरफोनच्या किंवा आयईएमच्या, परीक्षणांत ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) किती, कोणत्या जातीचे आणि कोणता स्वर किती मोठा वाजतो याचा आलेख कसा, यांवर पाने भरतात. कानात शिरणाऱ्या शेवटच्या अर्ध्या इंचाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. गेले काही महिने मी तीन अगदी निरनिराळ्या घडणीचे आयईएम आळीपाळीने वापरत आहे आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या टिपा (कानात बसणारी मऊ टोपणे), नोझलच्या, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या नळीच्या, जाळ्या, केबली आणि विजेच्या वाटेत रोध वाढवणारे अडॅप्टर लावून पाहिले आहेत. त्यातून झालेले मत आधीच सांगून टाकतो. दोन चांगल्या आयईएममध्ये जेवढा फरक ऐकू येतो तेवढा, आणि क्वचित त्याहूनही अधिक, फरक एकाच आयईएमवरची टिप बदलल्याने पडतो. त्यामुळे टिपांची बैठक जमवून घेतल्याखेरीज केलेली तुलना ही आयईएमची राहतच नाही, ती दोन योगायोगांची तुलना होते.

पहिला आहे एटिमॉटिकचा ईआर४एसआर. तो २०१६ साली आला असला, तरी त्याचे घराणे १९९१ च्या ईआर-४ पर्यंत मागे जाते. त्यात प्रत्येक कानाला एकच बॅलन्स्ड आर्मेचर (चुंबकांमध्ये हलणाऱ्या इवल्या पट्टीने आवाज काढणारा) ड्रायव्हर आहे, जो प्रकार मुळात श्रवणयंत्रांसाठी वाढीस लागला, आणि त्याचा विद्युत रोध ४५ ओहम आहे. दुसरा शुअरचा २०१३ साली आलेला एसई८४६. यात प्रत्येक कानाला चार आर्मेचर असून रोध अवघा ९ ओहम आहे, आणि खर्ज वाजवणाऱ्या ड्रायव्हरचा आवाज पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांमधून कोरलेल्या, जवळजवळ चार इंच लांबीच्या नागमोडी वाटेने बाहेर पडतो, ज्यामुळे त्यातले वरचे स्वर वाटेतच गळून जातात. तिसरा ट्रुथइअरचा झीरो : रेड, २०२३ सालचा, आयईएमच्या मापनांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रिनॅकल या परीक्षकाच्या सहयोगाने बनलेला. त्यात १० मिलिमीटर आणि ७.८ मिलिमीटर व्यासाचे दोन डायनॅमिक, म्हणजे लहान स्पीकरसारखे, ड्रायव्हर आहेत आणि रोध १७.५ ओहम आहे. तिघांच्या किमतींत अनेक पटींचे अंतर आहे आणि रेड त्यांत सर्वांत स्वस्त आहे, एवढे सांगून किमतीचा विषय इथेच सोडतो.

ऐकण्यासाठी मी मुद्दाम थोडीच ध्वनिमुद्रणे निवडली : नुसता तानपुरा, कारण जवारीतली किरकिर जरा वर-खाली झाली तरी चटकन कळते, तबल्याची साथ असलेले संथ गायन, कारण डग्ग्याची घीस आणि चाटीची कड यांतला तोल तिथे उघडा पडतो, आणि एकट्या पियानोचे एक मुद्रण. याखेरीज २० हर्ट्झपासून वर सरकत जाणारा शुद्ध स्वर वारंवार ऐकला. प्रत्येक वेळी मधल्या पट्टीतला आवाज शक्य तितका समान पातळीवर आणला, कारण दोन गोष्टींपैकी एक डेसिबलभर मोठी असली की कान तिला ‘मोठी’ म्हणत नाही, ‘चांगली’ म्हणतो. घाईने केलेल्या बहुतेक तुलना या एका डेसिबलातच बुडतात.

आता टिपांकडे वळू. ३० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी अकरा मीटरांहून अधिक असते, तर कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरांची. इतक्या लहान जागेत एवढी लांब लहर मावण्याचा प्रश्नच नसतो. ड्रायव्हर तिथे फक्त कोंडलेली हवा दाबतो आणि सोडतो, आणि तो दाब म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा खर्ज. टिप आणि कानाची त्वचा यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तरी हा दाब तिथून निसटतो आणि खालची पट्टी ढासळते. वरच्या स्वरांना या फटीचे फारसे सोयरसुतक नसते. म्हणूनच ‘या आयईएमला बास नाही, आवाज पातळ आहे’ असे मत कोणी दिले, की माझा पहिला संशय टिपेवर जातो. पडताळा सोपा आहे. ३० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावावा आणि आयईएम बोटाने किंचित आत दाबावा. दाबताच स्वर भरून आला आणि बोट काढताच विरला, तर टिप लहान आहे किंवा नीट बसलेली नाही.

या पडताळ्यात माझ्याच कानांचे गुपित उघडे पडले. रेडबरोबर आलेल्या मधल्या आकाराच्या टिपा मी दोन्ही कानांत घालून आठवडाभर ऐकत होतो आणि गायिकेचा आवाज मधोमध न येता जरासा उजवीकडे सरकलेला वाटत होता. आधी ड्रायव्हरच्या जोडणीत दोष असेल असे वाटले, म्हणून डावा-उजवा उलटा घालून पाहिला. आवाज तरीही उजवीकडेच. म्हणजे दोष आयईएमचा नव्हता. डाव्या कानात एक आकार मोठी टिप घातली आणि ३० हर्ट्झचा स्वर दोन्हीकडे सारखा उमटला. त्यासरशी गायिका आपल्या जागी परतली आणि डग्ग्याचा जो गोलावा मला केवळ उजव्या कानातच मिळत होता, तो मधोमध उभा राहिला. दोन्ही कान सारखे असतात, हे आपण न तपासता धरून चालतो. टिपांच्या पाकिटात दोन्हींकडे एकाच आकाराची जोडी असते, त्याने हा समज आणखी घट्ट होतो.

फट बंद झाल्यावर दुसरी बाब येते ती टिप किती खोल जाते याची, आणि तिचा संबंध खर्जाशी नसून वरच्या स्वरांशी आहे. उघड्या कानाची नळी एका टोकाला मोकळी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद असते, त्यामुळे ती साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःचा अनुनाद देते. जन्मापासून आपण सगळे आवाज या उंचवट्यासकटच ऐकत आलेलो असतो. आयईएम घातला की बाहेरचे तोंडही बंद होते, तो अनुनाद नाहीसा होतो आणि ड्रायव्हरच्या ट्यूनिंगमध्ये तो उंचवटा कृत्रिमपणे घालावा लागतो. शिवाय टिपेचे टोक आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये उरलेल्या पोकळीचा एक नवा अनुनाद तयार होतो. ही पोकळी २० मिलिमीटरची असेल तर तो साधारण ८.५ किलोहर्ट्झला पडतो, आणि टिप आणखी आत सरकून १५ मिलिमीटर उरले तर ११ किलोहर्ट्झच्या पुढे जातो. टोचणारे स आणि श बहुधा या पहिल्या पट्ट्यात असतात. तेव्हा एखादा आयईएम ‘टोचतो’ असे वाटले, तर तो परत करण्यापूर्वी दोन-तीन मिलिमीटर आत सरकवून पाहावा. टोचणारी जागा वर सरकून तानपुऱ्याच्या किरकिरीत मिसळून जाण्याचा बराच संभव असतो.

आलेखांबद्दल जाता जाता इथेच सांगावेसे वाटते. आयईएमचे बहुतेक आलेख आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या कपलरवर, म्हणजे कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या मापनयंत्रावर, काढलेले असतात, आणि त्यात ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारे शिखर पुष्कळदा आयईएमचे नसून त्या कपलरच्या पोकळीचे असते. धातूच्या त्या नळीत टिप दर वेळी निर्दोष बसते. तिला डावा-उजवा कान नसतो, घाम नसतो, जबडा हलत नाही. आलेख खोटा नसतो, पण तो ज्या कानाचा असतो तो कान कोणाचाच नसतो.

खोलीच्या बाबतीत ईआर४एसआरची तऱ्हाच न्यारी. त्याच्या तीन पाकळ्यांच्या टिपा कानाच्या दुसऱ्या वळणापर्यंत जाव्यात अशीच त्याची रचना आहे, आणि कंपनी ३५ ते ४२ डेसिबल बाह्य आवाज अडवल्याचा जो दावा करते तो तितक्या खोलवर गेल्यावरच लागू पडतो. पाकळ्या पाण्याने किंचित ओलसर कराव्यात, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून धरावा आणि आयईएम हळूहळू फिरवत आत न्यावा. काढतानाही एकदम न ओढता आधी फिरवून हवेचा दाब मोकळा होऊ द्यावा. पहिले चार दिवस हा प्रकार मला वैद्यकीय तपासणीसारखा वाटला. पाचव्या दिवसापासून मात्र कानात काही आहे याचा विसर पडू लागला, आणि पियानोच्या मधल्या सप्तकातला जो स्वच्छपणा त्यात ऐकला तो उरलेल्या दोघांत मला मिळाला नाही. उथळ बसवल्यास मात्र हाच आयईएम कोरडा आणि कर्कश वाटतो, आणि त्याच्याविषयीची निम्मी प्रतिकूल मते अशाच बैठकीतून आली असावीत, असा माझा तर्क आहे.

सिलिकॉन की फोम, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. फोम चिमटीत दाबून आत घातल्यावर हळूहळू फुलतो आणि कानाचा आकार घेतो, त्यामुळे फट राहण्याचा धोका कमी होतो आणि खर्ज भरवशाने मिळतो. त्याच वेळी त्याच्या सच्छिद्र भिंती वरच्या स्वरांचा थोडा भाग शोषून घेतात. एसई८४६ वर फोम घातल्यावर चाटीची कड बोथट झाली आणि जवारीवर पातळ मलमल टाकल्यासारखे झाले. गायन मात्र अधिक उबदार आणि जवळचे वाटू लागले. ईआर४एसआरवर हाच फोम मला अधिक पटला, कारण तिथे वरच्या पट्टीत देण्यासारखे बरेच काही शिल्लक असते. फोमची अडचण अशी की घाम आणि कानातला मळ यांमुळे तो कडक होत जातो, फुलण्याचा वेग बदलतो आणि महिन्या-दोन महिन्यांत आपण वेगळाच आयईएम ऐकत असतो. फरक इतका सावकाश पडतो की नवी जोडी घालेपर्यंत तो लक्षातच येत नाही.

सिलिकॉनमध्ये तोंडाचा व्यास पाहावा. अरुंद तोंडाच्या टिपा साधारणतः वरची पट्टी आवरतात आणि खर्ज पुढे आल्यासारखा वाटतो. रुंद तोंडाच्या टिपांनी आवाज मोकळा आणि उजळ होतो. रेडचे नोझल मुळातच जाड असल्याने अरुंद टिपा त्यावर ताणून बसतात आणि त्यांचे तोंडही रुंदावते, तर शुअरच्या बारीक नोझलवर दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक टिपा सैल पडतात. टिप सैल असली की ती कानात अडकून राहते आणि आयईएम एकटाच हातात येतो. हा प्रसंग माझ्यावर एकदा आला आहे; पुन्हा येऊ नये म्हणून आता मी टिप विकत घेण्यापूर्वी नोझलचा व्यास कॅलिपरने मोजतो.

टिपेनंतरचा थांबा म्हणजे नोझलमधली जाळी. तिला नुसती मळ अडवणारी चाळण समजू नये. ती ध्वनीच्या वाटेतला रोधक आहे आणि २ ते ४ किलोहर्ट्झमधले उंचवटे किती टोकदार राहतील हे तीच ठरवते. एसई८४६ मध्ये ही गोष्ट उघडपणे वापरकर्त्याच्या हाती दिली आहे. नोझल उघडून त्यातली नळी बदलता येते : निळी समतोल आवाजासाठी, पांढरी उजळ, काळी उबदार, आणि पांढरी व काळी यांचा परिणाम १ ते ८ किलोहर्ट्झ या पट्ट्यात निळीच्या मानाने सुमारे अडीच डेसिबल वर किंवा खाली असा सांगितलेला आहे. अडीच डेसिबल हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण तो तीन सप्तकांवर पसरलेला असल्याने पांढरी नळी घालताच तबला गायकाच्या शेजारून उठून पुढे येऊन बसला. मी पांढरी नळी आणि फोम अशी जोडी ठेवली आहे. फोमने जे काढून घेतले ते नळीने परत दिले, आणि बैठक पक्की राहिली ती राहिलीच.

जाळी मळाने भरली की काय होते, हे माझ्याकडच्या एका जुन्या आयईएमवरून नीट कळले. त्याचा उजवा कान महिनोन्‌महिने मंदावत गेला होता आणि ड्रायव्हर निकामी झाला अशी माझी खात्री पटली होती. भिंगाखाली पाहिले तर जाळीच्या एका बाजूला मेणासारखा पिवळसर थर. निम्मी छिद्रे बुजलेली. जाळी खाली तोंड करून धरली, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटकली, उरलेले चिकट पुट्टीने टिपून घेतले, आणि आवाज परत आला. नोझल वर धरून ब्रश फिरवल्यास मळ आत ढकलला जातो, हे आधीच्या एका आयईएमचा बळी देऊन शिकलो होतो. ईआर४एसआरचे फिल्टर बदलता येतात आणि त्यासाठीचे छोटे हत्यारही सोबत मिळते, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

आता रोधाचे अडॅप्टर. इथे गंमत अशी आहे की एकच वस्तू दोन आयईएमवर नेमके उलटे परिणाम घडवते. आयईएमचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. वाटेत आणखी रोध घातला, की जिथे आयईएमचा स्वतःचा रोध जास्त असतो तिथे आवाजाची घट कमी होते आणि जिथे तो कमी असतो तिथे घट जास्त होते. रेडचा रोध खालच्या पट्टीत अधिक आहे, म्हणून त्याच्यासोबत येणारा १० ओहमचा अडॅप्टर लावला की एकूण आवाज थोडा पडतो आणि खर्ज तुलनेने वर येतो. उलट, एटिमॉटिकच्या जुन्या ईआर-४पी या आवृत्तीला ७५ ओहमचा अडॅप्टर लावून लोक तिची ईआर-४एस करत, कारण त्या आर्मेचरचा रोध वरच्या पट्टीत वाढत जातो आणि त्यामुळे तिथे ट्रेबल उजळ होतो. ‘अडॅप्टरने बास वाढतो’ असे सरसकट विधान म्हणूनच निरर्थक आहे.

याच गणिताने एसई८४६ सारख्या कमी रोधाच्या, अनेक आर्मेचर असलेल्या आयईएमचा स्वभाव उलगडतो. समजा, एखाद्या आयईएमचा रोध एका पट्टीत १० ओहम आणि दुसरीत ४० ओहम आहे. ज्या उपकरणाचा निर्गम रोध (आयईएम जोडायच्या बाजूचा त्याचा स्वतःचा रोध) १ ओहम आहे त्यावर या दोन पट्ट्यांतील तोल केवळ ०.६ डेसिबलने ढळतो. १० ओहमच्या उपकरणावर तोच ४ डेसिबलांहून अधिक ढळतो, म्हणजे एसई८४६ ची नळी बदलण्याहूनही मोठा फरक. माझ्याकडचा एक जुना टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर, जो मोठ्या हेडफोनवर उत्तम वाजतो, त्याला एसई८४६ जोडल्यावर आवाजाचा नूरच पालटला आणि पार्श्वभूमीत सूक्ष्म सुस्काराही ऐकू आला. फोनला लावायच्या नखाएवढ्या डाँगलवर तोच आयईएम स्वच्छ वाजला. इतक्या संवेदनशील आयईएमला ताकदवान नव्हे, तर शांत आणि कमी निर्गम रोधाचे उपकरण हवे असते.

केबलवर मी मुद्दाम कमी लिहितो, कारण सांगण्यासारखे कमी आहे. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहक आहे, आणि सव्वा मीटरच्या तारेत त्याचा जो काही फरक पडतो तो तांब्याची तार थोडी जाड घेऊनही साधतो. दोन केबलींच्या रोधात अर्ध्या ओहमचा फरक असला, तर रेड किंवा ईआर४एसआरवर तो ऐकू येणे मला शक्य वाटत नाही. एसई८४६ वर फार तर अर्ध्या डेसिबलचा प्रश्न. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांच्या वाटा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या, केबलने उपकरणाकडून जास्त ताकद मिळते हे खरे, पण त्यात आवाजही मोठा होतो आणि तो एक डेसिबल पुन्हा आपली फसवणूक करतो. केबलचा खरा गुण असतो तो तिचा मऊपणा आणि कपड्यांवर घासताना कानात होणारी खरखर. ही खरखर ईआर४एसआरमध्ये सर्वांत जास्त जाणवते, कारण त्याची केबल सरळ खाली लोंबते. सदऱ्याला क्लिप लावली की ती पुष्कळ कमी होते. कानावरून वळवून घेतलेल्या उरलेल्या दोघांच्या केबलींत ती जवळजवळ नाहीच.

कोणी कोणता घ्यावा? गोंगाटात बसून बारकाईने ऐकायचे असेल, ध्वनिमुद्रण तपासायचे असेल, आणि खोल घालण्याची किळस नसेल, तर ईआर४एसआरला तोड नाही. बाहेरचा आवाज एवढा अडला की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो, आणि आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात घेता कानांचे त्यात हितच आहे. लांब बैठकीत गायन ऐकायचे असेल, आवाज आपल्याला हवा तसा वळवण्याची हौस असेल, तर एसई८४६, पण त्याच्यासाठी योग्य उपकरण आधी पाहून ठेवावे. ज्याला पहिलाच चांगला आयईएम घ्यायचा आहे त्याने रेड घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून तीन-चार प्रकारच्या टिपा घ्याव्यात. कान लहान असतील तर त्याचे जाड नोझल आधी घालून पाहिलेले बरे.

माझ्या रोजच्या वापरात सध्या रेडच आहे : डाव्या कानात रुंद तोंडाची मोठी टिप, उजव्यात तीच मधल्या आकाराची, आणि १० ओहमचा अडॅप्टर डबीत.